सज्जन जंतूंची बखर

जंतू या जमातीविषयी आमच्या पिढीचे मत अगदी स्वच्छ होते : जंतू म्हणजे वाईट. शाळेच्या भिंतीवर आरोग्याचे जे तक्ते टांगलेले असत, त्यांत जंतूंना शिंगे, सुळे आणि तिरपे डोळे काढलेले असत. साबणाच्या वडीपासून फिनेलच्या बाटलीपर्यंत अनेकांचे संसार त्यांच्या मरणावर चालत. हात धुवा, पाणी उकळा, नखे कापा, उघड्यावरचे खाऊ नका. एखादा जंतू चांगला असू शकेल असे म्हणणे म्हणजे एखादा घरमालक प्रेमळ असू शकेल असे म्हणण्यासारखे होते.

आता पाहावे तो सगळाच कारभार उलटा. घसा धरला म्हणून डॉक्टरांकडे जावे, तर चिठ्ठीवर हमखास दोन औषधे पडतात. एक गोळी जंतू मारण्यासाठी आणि एक कॅप्सूल जंतू भरण्यासाठी. दोन्हींत दोन तासांचे अंतर ठेवा, हेही वर बजावतात. भांडलेले व्याही एका पंगतीला बसवू नयेत, त्यातलाच हा प्रकार. कॅप्सूलच्या वेष्टनावर आतल्या मंडळींची शिरगणती छापलेली असते : पाचशे कोटी! एवढा आकडा मध्यमवर्गीय माणसाच्या हातात एरवी येतो कुठे? आमची ही तर ती कॅप्सूल देवाच्या प्रसादासारखी उजव्या हातावर घेते.

एका कुळाची पत अशी शंभर-सव्वाशे वर्षांत साफ पालटली, तर त्याची बखर लिहिली जायला हवी. राजेरजवाड्यांच्या बखरी पुष्कळ झाल्या. ही सज्जन जंतूंची. आणि सगळ्या बखरींप्रमाणे हिच्यातही पराक्रम आहे, भाटगिरी आहे आणि काही ठिकाणी खरोखरीचे मृत्यूही आहेत. तेव्हा हसता हसता जरा जपून वाचावी.

या बखरीचे मूळ पुरुष इल्या मेचनिकॉफ. जन्म १८४५, आजच्या युक्रेनमधल्या खारकिव्हजवळचा. स्वभावाने तरुणपणी इतका उदास माणूस, की पहिली बायको क्षयाने गेल्यावर आणि पुढे दुसरी विषमज्वराने आजारी पडल्यावर, असा दोनदा त्याने आपला शेवट करून घेण्याचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा वाचला, हे वैद्यकशास्त्राचे नशीब. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी असताना त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा! आपल्या गल्लीत दोन सायकली एकमेकींवर आपटल्या की जशी गर्दी जमते तशी. मात्र ही गर्दी नुसती बघ्यांची नव्हती. शरीरातल्या भटक्या पेशी परक्या वस्तूला घेरून गिळायला निघतात, हे त्याने दाखवून दिले. याच कामाबद्दल १९०८ साली पॉल एर्लिकबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढ्यावर माणसाने स्वस्थ बसावे की नाही? पण उतारवयात विद्वानांना म्हातारपणाचा विचार सतावू लागतो, आणि विद्वान असल्यामुळे ते तो चारचौघांत बोलून दाखवतात. मेचनिकॉफ तेव्हा पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होता. त्याचे म्हणणे असे, की माणसाचे मोठे आतडे ही एक निरुपयोगी अडगळीची खोली आहे. तिथे अन्न सडते, सडवणारे जंतू विष तयार करतात, आणि त्या विषाने माणूस लवकर म्हातारा होतो. आता दूध आंबले की त्यात सडवणारे जंतू टिकत नाहीत, हे त्याला ठाऊक होते. बल्गेरियातले शेतकरी रोज आंबट दूध पितात आणि पुष्कळ जगतात, हेही त्याच्या कानावर आले होते. दोन आणि दोन चार. १९०४ च्या जूनमध्ये त्याने पॅरिसमध्ये म्हातारपणावर जाहीर व्याख्यान दिले आणि लोकांना जे ऐकायचे होते तेवढे लोकांनी ऐकले. व्याख्यात्याने ‘कदाचित’ म्हटले तर वर्तमानपत्रात ‘नक्की’ छापून येते, हा नियम तेव्हाही होताच.

पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, जिनीव्हात शिकणाऱ्या स्टामेन ग्रिगोरॉव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने आपल्या मायदेशीच्या दह्यातला लांबट जंतू हुडकून काढला. झाले! दीर्घायुष्याला नाव मिळाले, गाव मिळाले. १९०७ साली मेचनिकॉफचे जे पुस्तक आले, त्याचे नावच मुळी ‘आशावादी निबंध’ अशा अर्थाचे होते. ज्याने दोनदा जग सोडायचे ठरवले होते, त्या माणसाचे हे पुस्तक. दह्याने त्याचे आणखी काही भले केले असो वा नसो, स्वभाव मात्र पार बदललेला दिसतो.

आता कोणत्याही पंथात मूळ महाराज बरे असतात, शिष्य जास्त असतात. मोठे आतडे निरुपयोगी आहे ना? मग ते ठेवायचेच कशाला? लंडनमधले आर्बथनॉट लेन नावाचे नामांकित सर्जन बद्धकोष्ठाच्या रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढू लागले. नळ चोंदला म्हणून मोरी उखडण्याची ही तऱ्हा. रोग्यांपैकी काही दगावले, उरलेल्यांतल्या अनेकांची मूळची तक्रारही गेली नाही. अमेरिकेत बॅटल क्रीकचे डॉक्टर केलॉग त्या मानाने दयाळू. ते रोग्याला अर्धे दही तोंडाने देत आणि उरलेले अर्धे खालच्या दाराने. (वाचकहो, जेवणाची वेळ असेल तर हे वाक्य नंतर वाचावे.) १९१९ साली बार्सिलोनात आयझॅक कारासो या गृहस्थांनी ‘डॅनोन’ नावाचे दही काढले, ते सुरुवातीला औषधांच्या दुकानांतून विकले जाई. आपल्याकडे विरजण वाटीभर उसने मागण्याची वस्तू, तिथे ती औषधवाल्याच्या फडताळात जाऊन बसली.

आणि मग रंगाचा बेरंग झाला. १९२० च्या सुमारास अमेरिकेत येल विद्यापीठातल्या रेट्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिले, तर हा बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात मुक्काम ठोकतच नाही! तोंडाने आत जातो आणि एस. टी. महामंडळाच्या जलद गाडीसारखा मधल्या थांब्यांवर न थांबता पुढे निघून जातो. ज्याच्या नावावर युरोपातली मंडळी वीस वर्षे आंबट तोंडे करत होती, तो कधी त्यांच्या घरी उतरलाच नव्हता.

पण बखरीत एक घराणे पडले की दुसरे उठते. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९१७ साली, फ्रायबुर्गच्या आल्फ्रेड निस्ले या डॉक्टरांना एक सैनिक भेटला. भोवतालचे शिपाई हगवणीने आडवे झालेले असताना हा पठ्ठ्या खणखणीत उभा. निस्लेंनी त्याच्या आतड्यातला ई. कोलाय जंतू वेगळा काढला, वाढवला आणि कॅप्सूलमध्ये भरला. ई. कोलाय म्हणजे कुळाने बदनामच, पण त्यातला हा मुलगा चांगला निघाला. त्याचे वंशज आजही औषध म्हणून विकले जातात. सैनिकाचे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले नाही. इतिहासात हे नेहमीचेच : किल्ला घेतो शिपाई, नाव होते सरदाराचे. पुढे १९३० मध्ये जपानात क्योटोच्या मिनोरू शिरोटा यांनी जठरातल्या आम्लातून तरून जाणारा जंतू निवडून वाढवला, आणि १९३५ साली ‘याकुल्ट’ बाजारात आले. १९६३ पासून तर जपानी बायका दारोदार त्या बाटल्या पोचवू लागल्या.

गंमत म्हणजे इतके होईपर्यंत या मंडळींना बारशाचे नाव नव्हते. ‘प्रोबायोटिक’ हा शब्द १९६५ साली लिली आणि स्टिलवेल या शास्त्रज्ञांनी वापरला तो भलत्याच अर्थाने : एका सूक्ष्मजीवाने स्रवलेला आणि दुसऱ्याची वाढ करणारा पदार्थ. १९७४ मध्ये पार्कर यांनी तो जनावरांच्या खाद्याच्या संदर्भात नेला. म्हणजे ज्या शब्दासाठी आपण आज केमिस्टकडे नोटा मोजतो, तो वाटेत गोठ्यात मुक्काम करून आलेला आहे. शेवटी २००१ साली अर्जेंटिनातल्या कॉर्डोबा गावी जागतिक अन्न संघटना आणि आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी बसून व्याख्या ठरवली. तिचा मतितार्थ असा : जंतू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने दिलेले हवेत, आणि त्यांनी घेणाऱ्याच्या तब्येतीला फायदा व्हायला हवा. यातली पहिली दोन कलमे कारखानदार पाळू शकतो. गोम सगळी तिसऱ्यात. फायदा झाला हे सांगणार कोण? घेणाऱ्याला विचारून उपयोग नाही. आमच्या मजल्यावरचे एक निवृत्त बँकवाले महिनाभर कॅप्सूल घेऊन ‘हलकं वाटतंय’ म्हणत होते. तेवढ्या पैशांनी खिसाही हलका झाला होता, तेव्हा नेमके काय हलके वाटत होते ते कळायला मार्ग नाही.

आणि त्या पाचशे कोटींनी दिपून जाण्याचेही कारण नाही. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी केलेल्या अंदाजाप्रमाणे माणसाच्या अंगावर-अंगात मिळून सुमारे ३८ लाख कोटी जंतू राहतात, त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. त्रैराशिक मांडून पाहा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या आसपास होती. तिच्या मानाने आपली कॅप्सूल म्हणजे दादर स्टेशनावर उतरलेली सोळाशे माणसे. एक एक्सप्रेस गाडी फार तर. तेवढ्यांनी मुंबईचे वळण बदलावे, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

कधी कधी मात्र पाहुणे खरेच ठाण मांडतात. २०१८ साली इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी निरोगी माणसांना आधी प्रतिजैविके दिली. नंतर काहींना प्रोबायोटिक दिले, काहींना त्यांचेच आधी राखून ठेवलेले जंतू परत दिले, आणि काहींना तसेच सोडले. ज्यांना तसेच सोडले ते हळूहळू पूर्ववत झाले, स्वतःचे जंतू परत मिळालेले तर चटकन. प्रोबायोटिकवाल्यांचे मूळचे रहिवासी मात्र पाच महिने झाले तरी पुरते परतले नव्हते. पागडीच्या चाळीत राहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. माणसे थोडी होती, एकवीसच, म्हणून त्यावरून सगळ्या जगाचा न्याय करता येत नाही. पण ‘फायदा नाही झाला तरी तोटा काय?’ हा जो आपला राष्ट्रीय युक्तिवाद आहे, त्याला तेवढ्याने एक चीर पडली.

तोटा काय, याचे खरे उत्तर त्याआधीच हॉलंडमध्ये मिळाले होते. तिथे पंधरा रुग्णालयांनी मिळून स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेने अत्यवस्थ झालेल्या रोग्यांना सहा प्रकारच्या जंतूंचे मिश्रण नळीने थेट आतड्यात दिले. हेतू चांगलाच : वाईट जंतूंचा संसर्ग टळावा. कोणाला खरे आणि कोणाला लुटुपुटीचे औषध मिळते आहे, हे रोग्याला माहीत नव्हते आणि डॉक्टरलाही. २००८ साली निकाल छापून आला. संसर्ग दोन्हीकडे जवळपास सारखाच. पण लुटुपुटीच्या औषधावरच्या १४४ रोग्यांपैकी ९ दगावले होते, आणि सज्जन जंतू दिलेल्या १५२ पैकी २४. नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठाच बंद पडला होता. दुसऱ्या गटात असा एकही नव्हता. इथे विनोद सुचत नाही. ज्यांनी हा प्रयोग केला त्यांनी निकाल दडवला नाही, सबंध जगापुढे मांडला, एवढे मात्र त्यांना हात जोडून म्हणावेसे वाटते. ‘दह्यासारखंच तर आहे’ म्हणून पुढे कितीतरी अत्यवस्थ रोग्यांना जे दिले गेले असते, ते त्यामुळे विचार करून दिले जाऊ लागले.

तसेच अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे. त्यांच्या आतड्याला एक जीवघेणा दाह होतो, आणि काही जंतूंनी तो कमी होतो असे पुष्कळ प्रयोगांत दिसले आहे. पण २०२३ मध्ये अमेरिकेत अशाच एका बाळाला दिलेला जंतू त्याच्या रक्तात उतरला आणि ते बाळ गेले. तिथल्या औषध प्रशासनाने लगेच रुग्णालयांना इशारा दिला. धडधाकट माणसाने कॅप्सूल घेतली तर बहुधा पोटात चार गुडगुड्यांपलीकडे काही होत नाही. पण ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे, ज्याच्या मोठ्या शिरेत नळी आहे, जो अतिदक्षता विभागात आहे, त्याच्या बाबतीत सज्जन जंतूही परका माणूसच असतो. दार उघडे मिळाले की सज्जनाचे काय होते, हे आपण निवडणुकांनंतर पाहतोच.

तर काय, सगळे झूट? नाही हो. हीच तर या बखरीची खोच आहे. २०१७ साली ओडिशाच्या खेड्यांतला एक प्रयोग ‘नेचर’मध्ये छापून आला. डॉक्टर पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीतरी जंतू आधी पारखून त्यांतून एक निवडला. तो आंबवलेल्या भाजीपाल्यात सापडणाऱ्या प्लँटारम जातीचा. त्याला त्याचे खाद्य जोडून दिले आणि ४,५५६ नवजात बाळांवर तपासून पाहिले. बाळे जवळजवळ पुऱ्या दिवसांची, चांगल्या वजनाची, आईच्या दुधावरची. औषध फक्त सात दिवस. रक्तात जंतुसंसर्ग होणे किंवा मृत्यू येणे, हे लुटुपुटीच्या औषधावर शंभरातल्या ९ बाळांच्या वाट्याला आले, खऱ्या औषधावर ५.४ बाळांच्या. ना त्याची जाहिरात, ना चकचकीत वेष्टन. आठवड्याचा खर्च सुमारे एक डॉलर.

म्हणजे कुळ एकच, पण एक जण बाळांना तारतो, दुसरे सहा मिळून अत्यवस्थ रोग्याला भोवतात, आणि बाकीचे बरेचसे नुसते फिरून येतात. प्रतिजैविकांमुळे जुलाब होतात ना, त्याचेच पाहा. अनेक प्रयोगांची २०१९ साली एकत्र गोळाबेरीज केली, तेव्हा मुलांमध्ये या जुलाबांचे प्रमाण शंभरात १९ वरून ८ वर आलेले दिसले. आनंद आहे. तोच उपाय इंग्लंड-वेल्समधल्या रुग्णालयांत २,९८१ वयस्कांवर करून पाहिला, तर २०१३ चा निकाल : औषधावर १०.८ टक्के, औषधाविना १०.४. आमच्या वयाच्या माणसाला सगळीकडे सवलत मिळते, इथे तेवढी नाही. आणि साध्या जुलाब-उलट्यांनी आजारी पडलेल्या मुलांवर २०१८ साली अमेरिकेत आणि कॅनडात दोन मोठे प्रयोग झाले. दोन्हींत कॅप्सूलवाली मुले आणि बिनकॅप्सूलवाली मुले सारख्याच वेळात खेळायला गेली. तिथे खरा उपाय मीठ-साखरेचे पाणी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी तेच पाजून पटकीचे हजारो रोगी वाचवले होते. पण मीठ-साखरेला वेष्टन नसते, आणि वेष्टन नसलेल्या गोष्टीवर आपला चटकन विश्वास बसत नाही.

‘अहो, पण घ्यायचं की नाही ते एकदा सांगा ना!’ असा सूर मला ऐकू येतो आहे. सांगतो. ‘प्रोबायोटिक घेऊ का?’ हा प्रश्नच ‘कुलकर्ण्यांकडे जाऊ का?’ यासारखा आहे. कुठले कुलकर्णी? पेठ कोणती? घर नंबर काय? जंतूलाही आडनाव असते, नाव असते आणि शेवटी घर नंबर असतो. एका घरच्याचा गुण शेजारच्या घरच्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली आपल्याकडे नियमावली काढली, तिच्यातही हाच आग्रह आहे : खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर जंतूचे पूर्ण नाव हवे, आणि मुदत संपेपर्यंत किती जिवंत राहतील तो आकडा हवा. तेव्हा विचारायचे ते असे : कोणता जंतू, कोणत्या दुखण्यावर, कोणासाठी, किती दिवस? डॉक्टरांकडे याचे उत्तर असेल तर खुशाल घ्यावे. ‘असू दे, बरं असतं’ हे उत्तर नव्हे. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली सगळा पुरावा चाळून बहुतेक पोटदुखण्यांसाठी शिफारस करायचे नाकारले. ज्या थोड्या ठिकाणी केली, तिथेही हातचे राखून.

आणि घरचे दही? काटेकोर व्याख्येत ते बसत नाही. आमच्या विरजणाचे मूळ पुरुष कोण हे सांगणे कठीण. ते तळमजल्यावरून आले, तिथे सांगलीहून आले, त्याआधीचे ठाऊक नाही. पण दह्यातले जिवंत जंतू दुधातली साखर पचवायला मदत करतात, हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही २०१० साली मान्य केला. कंपन्यांचे दावे एकामागून एक नाकारणारी ही संस्था, तिने दह्यापुढे मान लववली. दूध बाधणाऱ्याला दही का चालते, हे आजीला आधीच माहीत होते, फक्त तिने ते छापले नव्हते. दहीभात हा औषध म्हणून खाऊ नये. दहीभात म्हणून खावा. तेवढी योग्यता त्याची आहे.

राहता राहिले आमचे मूळ पुरुष. मेचनिकॉफ वर्षानुवर्षे आंबट दूध पीत राहिला आणि १९१६ च्या जुलैमध्ये हृदयविकाराने गेला. वय ७१. शंभरीची भाषा करणाऱ्याने पंचाहत्तरीही गाठली नाही, म्हणून लोक हसले असतील, हसोत बापडे. मला त्याची आठवण ठेवावीशी वाटते ती निराळ्याच कारणाने. शेवटच्या आजारात त्याने आपल्या एका डॉक्टर सहकाऱ्याला सांगून ठेवले होते, की माझे शवविच्छेदन कराल तेव्हा आतडी नीट तपासा. आयुष्यभर ज्या आशेवर जगला, ती खरी ठरली की खोटी, हे बघायचे राहून जाऊ नये एवढीच त्याला काळजी. त्याच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत, पुस्तकांच्या सोबतीला. कॅप्सूल काढणारे त्याचे फोटो छापतात, त्याचे दही विकतात, त्याचे वाक्यही उसने घेतात. ‘आता माझी आतडी तपासा’ असे म्हणण्याची त्याची तयारी तेवढी अजून कोणी बाटलीत भरलेली दिसत नाही.